पदकयादीतला रिकामा रकाना

१९०८च्या लंडन ऑलिम्पिकची पदकयादी बघा. ट्रॅक सायकलिंगच्या १००० मीटर स्प्रिंटपुढे एकही नाव नाही. तुम्ही ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहून पुढे जाल का? जरा थांबा.

शर्यत झाली होती. अंतिम फेरीत चौघे होते : फ्रान्सचा मॉरिस शिल आणि ब्रिटनचे जोन्स, किंग्सबरी व जॉन्सन. किंग्सबरी आणि जॉन्सनच्या सायकली पंक्चर झाल्या. शिल जोन्सच्या अगदी थोडक्यात पुढे, पहिला आला. पण १ मिनिट ४५ सेकंदांची वेळमर्यादा उलटून गेली होती, म्हणून शर्यतच रद्द ठरवली गेली. पदक कुणालाच नाही.

स्प्रिंटमध्ये एवढा वेळ का लागला? पुढचा सायकलस्वार वारा कापतो, मागचा त्याच्या आडोशाला ताकद वाचवतो. त्यामुळे आधी पुढे जायला कुणी राजी नसतं. खेळाडूंच्या लेखी हा डाव होता. नियमाच्या लेखी नुसता वेळकाढूपणा.

म्हणजे तो रिकामा रकाना हाच पुरावा आहे : शर्यत कशाला म्हणायचं, यावरच्या मतभेदाचा. तुमच्या साधनांत असा रकाना सापडला, तर आधी विचारा : इथे काही घडलंच नाही, की घडलेलं कुणी धरलं नाही?