‘ब्लॅक सॅबथ’ : एका स्वरांतराचा अर्थविचार

हेवी मेटल या संगीतप्रकाराचा आरंभ सामान्यतः बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या संचाच्या त्याच नावाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून मानला जातो. तिच्या आरंभगीतातील भीतीचे कारण देताना मात्र एक आख्यायिका इतिहास म्हणून पुढे केली जाते : मध्ययुगीन धर्मपीठाने निषिद्ध ठरविलेले ‘सैतानाचे स्वरांतर’ या तरुणांनी पुन्हा वाजविले, म्हणून श्रोत्याचा थरकाप होतो. हे विधान तपासून पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

तीन पूर्ण स्वरांचे हे अंतर गायनात टाळावे असा मध्ययुगीन शास्त्रकारांचा कटाक्ष होता, हे खरे. परंतु धर्मपीठाने त्यावर बंदी घातल्यास आधार मिळत नाही. ‘संगीतातील सैतान’ हा लॅटिन शब्दप्रयोगही आढळतो तो अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथांत. नावावरून वस्तूचा इतिहास रचण्याची ही रीत भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास अपरिचित नाही.

आता प्रत्यक्ष स्वर पाहू. टोनी आयोमी यांच्या गिटारवरील मूळ स्वरावली तीनच स्वरांची आहे. आपल्या परिभाषेत षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. हाच तीव्र मध्यम यमनात आपण नित्य ऐकतो आणि तेथे सैतान कोणास दिसलेला नाही. (मारव्यात बेचैनी आहे, पण तिचे श्रेय कोमल ऋषभासही द्यावे लागेल.) यमनात हा स्वर पंचमाकडे झुकतो, येथे तो संथ लयीत कंप पावत राहतो, पंचमावर विसावत नाही. अर्थ स्वरांतरात नाही, त्याच्या योजनेत आहे.

त्या योजनेचे घटक ऐहिक आहेत. बटलर यांच्या सांगण्याप्रमाणे मूळ प्रेरणा होल्स्टच्या ‘मंगळ’ या वाद्यवृंदरचनेची. संचाचे नाव १९६३ मधील एका भयपटावरून घेतलेले. ध्वनिमुद्रण १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनमध्ये एका दिवसात उरकले. पाऊस, मेघगर्जना व घंटानाद मागाहून जोडण्यात आले. प्रकाशनाची तारीख १३ फेब्रुवारी १९७०, वार शुक्रवार. हा योग पाश्चात्त्य लोकसमजुतीत अशुभ. श्रोत्याच्या कानी स्वर पडण्यापूर्वीच अर्थाची अशी सिद्धता झालेली होती.

दुसरे एक स्पष्टीकरणही कालक्रमावर टिकत नाही. पत्र्याच्या कारखान्यात आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्याने तारा दाबणारा हात तोच. म्हणून तारा सैल करून स्वर उतरविले आणि त्यातून हा जड नाद जन्मला, असे सांगतात. बोटांवरील टोपणे व हलक्या तारा हे त्या अपघाताचे फळ खरेच. परंतु प्रस्तुत ध्वनिमुद्रिकेत गिटार नेहमीच्याच स्वरांत जुळविलेली आहे. स्वर दीड पट्टीने उतरविलेले आढळतात ते १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’त.