पोळाच्या आईची चौकशी

मुलुंड-घाटकोपरच्या मंडईत कधीमधी एखादा सांड कोथिंबिरीच्या ढिगात तोंड खुपसून उभा असतो. भाजीवाली शिव्या घालते, पाणी मारते, पण काठी उगारताना तिचाही हात कचरतो. देवाचा असेल, काय सांगावं! गावाकडे याला पोळ म्हणत. बैलपोळ्याला आपण ओवाळतो तो खच्ची केलेला, जुवाखालचा बैल. पोळ नेमका उलटा. खच्ची नाही, वेसण नाही, धनी नाही. अंगावर त्रिशूळ-चक्राचा डाग, म्हणजे याला कोणी औताला जुंपू नये.

हा सोडायचा का, तर मेलेल्या माणसाला गती मिळावी म्हणून. अकराव्याला वृषोत्सर्ग, पुराणात त्याचं पुण्य. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे.

मी अडलो ते पारस्कर गृह्यसूत्रात. तिसऱ्या कांडात हाच विधी आहे, पण तिथे मुहूर्त कार्तिकी पौर्णिमेचा आणि जागा गाईंच्या कळपातली. बैल कसा हवा? सर्व अवयवांनी धड, कळपात उठून दिसणारा, आणि पुढची अट वाचून मी थबकलो: ज्या गाईची वासरं जगतात आणि जी भरपूर दूध देते, तिच्या पोटचा. शेवटी त्याला सोडायचं तेही चार तरण्या कालवडींसोबत.

गवताळ रानावर मांसासाठी गुरं पाळणारा टेक्सासचा माणूस वळू विकत घेताना आज हेच विचारतो. पाय आणि खूर धड आहेत का? त्याची आई दरवर्षी विते का, तिची वासरं जगतात का, दुधावर पोसली जातात का? वजनाचे आणि वंशमूल्याचे आकडे, अंडकोषाचा घेर ही पुढची भर. एका वळूमागे पंचवीस-तीस गाई असतात, त्यामुळे पुढच्या पिढीचं निम्मं रक्त त्या एकट्याचं.

म्हणून माझं म्हणणं असं, की वृषोत्सर्ग मुळात कळपाची पैदास राखण्याचा विधी होता आणि श्राद्धाला तो नंतर चिकटला. यावर संस्कृत जाणणारे दोन आक्षेप घेतात. पहिला, देवकार्याला लागणारा कुठलाही पशू अव्यंगच लागतो, त्यात पैदाशीचा काय संबंध? मान्य. पण अव्यंगपणा डोळ्यांना दिसतो. आईची वासरं जगतात की नाही हे जनावराकडे बघून कळत नाही. त्यासाठी तो कळप वर्षानुवर्षं कोणीतरी ओळखावा लागतो. ही अट भटजीची नव्हे, गुराख्याची आहे. दुसरा आक्षेप रंगाचा. शास्त्राला ‘नील’ वृष प्रिय, आणि तो निळा नसून तांबडा: तोंड, शेपूट, खूर, शिंगं पांढरी. रंगाने वंश सुधारतो का? नाही सुधारत. पण खिल्लार बघायला आलेला माणूस अजूनही आधी रंगावरच अडतो, तेव्हा रंगाचं वेड हा पैदासकाराचाच जुना रोग समजावा.

मग या बिनधन्याच्या जनावराचा पालक कोण? इंग्रजी न्यायालयांची यात मजेदार पंचाईत झाली. 1880च्या दशकात अलाहाबाद उच्च न्यायालयाने ठरवलं, की श्राद्धात सोडलेला सांड कुणाचाच नाही, सबब त्याची चोरीही होत नाही. मद्रासकडे मात्र देवळाला वाहिलेला सांड देवस्थानचा मानला गेला. गावाला दोन्ही निकालांशी देणंघेणं नव्हतं. ज्याच्या शेतात शिरला त्याने त्याला चारलं आणि त्या बदल्यात गावभरच्या गाई फळल्या.

आता अमेरिका, कारण पोळाचं नाव तिथवर पोचलं. तिकडच्या दक्षिणेत उष्मा आणि गोचिडाचा ताप यांनी विलायती गुरं पटापट मरत. म्हणून 1906 साली टेक्सासचा पशुपालक ए. पी. बोर्डेन याने भारतातून गुरं नेली. न्यूयॉर्कच्या विलगीकरणातून सुटली ती 30 नर आणि 3 माद्या. 1924 साली ह्यूस्टनला पैदासकारांची संघटना झाली आणि तिचा चिटणीस सार्टवेल याने जातीला ‘ब्राह्मण’ नाव लावलं. इंग्रज आपल्या पोळाला ‘ब्राह्मणी बुल’ म्हणत, त्याचाच हा धागा. आपल्या पोळाचं नाव लागलं मांसाच्या गुराला! या ब्राह्मण जातीच्या घडणीत गीर, कांक्रेज, ओंगोल यांच्याबरोबर कृष्णाकाठची जातही सांगतात. ही शेवटची आपल्या सांगलीकडची, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने घडलेली. ओंगोल पट्ट्यात तर वाहायचा सांड गाव मिळून पारखून घेई. त्याच ओंगोलचे वंशज, नेलोर, आज ब्राझीलच्या मांसाच्या कळपात बहुसंख्य आहेत.

इकडे काय झालं? गायरानं आटली. पारख मागे पडली आणि मरतुकडा गोऱ्हा सोडूनही पुण्य पदरात पडू लागलं. 1933 साली मुंबई इलाख्याने पशुधन सुधारणेचा कायदा केला: परवान्याशिवाय वळू ठेवायचा नाही, नापास झाला तर खच्ची. पुढे कृत्रिम रेतन आलं. 1967 साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफ ही संस्था काढली आणि वळू नळकांडीत बसून गावोगाव जाऊ लागला.

मुंबईच्या उपनगरांनी तर निवडच सोडून दिली. 1949 साली गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली ती म्हशींची. तबेलेवाला ताजी व्यालेली म्हैस बाहेरून आणतो, आटली की रवाना करतो, पारडू बहुधा जगतच नाही. जिथे पुढची पिढी ठेवायचीच नाही तिथे टोणगा कोण पारखणार? दूध बघून आई निवडायची आणि तिचा वंश तिथेच बुडवायचा, हा व्यवहार मला पारस्कराच्या अटीची क्रूर थट्टा वाटतो. आणि मार्च 2015पासून महाराष्ट्रात वळू-बैलांच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे देवनारच्या कत्तलखान्यात मोठ्या जनावरांत उरली ती म्हैसवर्गाचीच.

तुमच्या गावी पोळ सोडत असतील तर थोरामोठ्यांना एवढंच विचारा: गोऱ्हा निवडताना त्याच्या आईची चौकशी करत होते का? ‘हो’ म्हणणारा भेटला, तर ती गाय किती दूध द्यायची आणि तिची किती वासरं जगली, हेही त्याच्याकडून लिहून घ्या.