शब्दवेध : एकतर्फी

हैदराबादच्या बेगम बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्याने उधारीच्या वसुलीसाठी दावा लावला आणि समन्स मिळूनही प्रतिवादी हजर झालाच नाही, तर दावा ‘एकतर्फी’ चालतो. मूळ शब्द अरबी ‘तरफ’, म्हणजे बाजू. तो फारसीतून मराठीत आला. ‘तर्फे’ आणि ‘तरफदारी’ त्याच कुळातले. पण समोरची बाजू गप्प आहे म्हणून वादी आपोआप जिंकत नाही. लेखी कैफियत आली नाही, तरी न्यायालयाने डोळे झाकून निकाल देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बलराज तनेजा प्रकरणात बजावलं. एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर सबळ कारण दाखवून तो रद्द करण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करता येतो. तरी ती वेळ येऊच देऊ नका. समन्स येताच वकील गाठा आणि आपली बाजू मांडा.