तंबाखूची तीव्रता : तळहातापासून पुडीपर्यंत

नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या वाटेवर करंजीचा घाट ओलांडला की तिसगाव लागते. एका अंगाला शेवगावची वाट, जवळच कानिफनाथांची मढी आणि वृद्धेश्वराचे स्थान, भोवती ज्वारी-बाजरीची कोरडवाहू जमीन, आणि मध्ये हे जुने बाजाराचे गाव. ज्या गावी वाटा मिळतात त्या गावी माल जसा येतो तशा सवयीही येतात. आणि गेल्या चार शतकांत या मुलुखात आलेल्या सवयींपैकी तंबाखूइतकी सर्व जातींत, सर्व वयांत आणि स्त्रीपुरुष दोहोंत मुरलेली सवय क्वचितच दुसरी असेल.

अलीकडे परदेशांत तंबाखूचे पान वगळून निकोटिन भरलेल्या पांढऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या पाऊच निघाल्या आहेत. त्या वरच्या ओठाखाली ठेवतात, आणि त्यांच्या डबीवर ३, ६ किंवा त्याहून मोठे आकडे छापलेले असतात. यांतला कोणता आकडा आपल्याला सोसेल, हा प्रश्न तेथील तरुणांना नवा वाटतो. परंतु तंबाखू किती कडक घ्यावी हा प्रश्न आपल्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे आणि त्याची उत्तरेही अनुभवाने दिली गेली आहेत. त्या उत्तरांचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते : तीव्रता ठरविण्याचा अधिकार खाणाऱ्याच्या तळहातातून हळूहळू निघून कारखान्याच्या पुडीत गेला, आणि त्या स्थलांतरात खाणाऱ्याचे प्रमाणाचे भान नाहीसे झाले.

तंबाखू दक्षिणेत आणली पोर्तुगीजांनी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती विजापूरच्या बाजारात रुळली होती. १६०० साली अकबराचा मुलगा शाहजादा दानियालने अहमदनगरचा किल्ला घेतला, आणि १६०४ मध्ये त्याच दानियालचा विवाह विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाच्या कन्येशी पैठणजवळ गोदातीरी झाला. तिसगावच्या ईशान्येस हे ठिकाण आहे. या सोयरिकीच्या मामल्यात अकबराचा वकील म्हणून विजापुरास गेलेल्या असद बेगाने तेथे तंबाखू प्रथम पाहिली, आणि परतताना रत्नजडित नळी, येमेनी अकीकाची मोहरी आणि सोन्याचे अग्निपात्र असा साज जुळवून तो चांदीच्या तबकातून बादशहापुढे ठेवला. अकबराने दोनतीन झुरके घेतले तोच हकिमाने त्याला थांबविले. अनोळखी द्रव्य, ज्याचा गुण वैद्यकाच्या ग्रंथांत नमूद नाही, ते बादशहाने घेऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. तंबाखूविषयी हिंदुस्थानच्या दरबारात घेतलेली ही आक्षेपाची पहिली नोंद म्हणावी लागेल. उमरावांनी मात्र तो आक्षेप मानला नाही. व्यापाऱ्यांनी माल आणला. आणि १६१७ मध्ये जहांगीराने धूम्रपानबंदीचा हुकूम काढला तोवर ही चाल हुकमाच्या आटोक्याबाहेर गेली होती.

दरबारातून गावापर्यंत उतरताना रत्नजडित नळी गळून पडली आणि मातीची चिलीम राहिली. नगर जिल्ह्यात चिलमीला एक आध्यात्मिक आसनही मिळाले. शिर्डीच्या साईबाबांची चिलीम भक्तमंडळींत फिरत असे, हे सर्वश्रुत आहे. नाथपंथी साधूंच्या धुनीपाशी ती आजही दिसते. आणि होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या मढीच्या यात्रेत, जेथे गाढवांचा बाजार भरतो आणि भटक्या जमाती दूरदूरच्या मुलुखांतून येऊन मिळतात, तेथे ती ओळखीपाळखीचे साधन झाली. चिलमीची तीव्रता माणसाला ताबडतोब कळते. झुरका छातीत उतरला की काही क्षणांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. जास्त झाले तर ठसका लागतो, घेरी येते आणि हात आपोआप चिलीम पुढच्याकडे देतो. हे ज्ञान देहाने देहाला दिलेले होते. त्याला आकड्याची गरज नव्हती.

परंतु महाराष्ट्राची खरी सवय धुराची नव्हे, चुन्याची. चुन्यात मळलेली तंबाखू कशी होते ते जवळून पाहण्याजोगे आहे. चंचीच्या एका कप्प्यातून चिमूटभर पान डाव्या तळहातावर येते. डबीतला ओला चुना अंगठ्याच्या नखावर हरभऱ्याच्या डाळीएवढा घेतला जातो. मग उजव्या अंगठ्याने ते पान इतके मळले जाते की त्याचा हिरवट-तपकिरी रंग गडद होतो आणि नाकाला झोंबणारा उग्र वास सुटतो. दुसऱ्या हाताच्या बोटांनी दोन थापट्या देऊन भुकटी उडविली जाते, आणि उरलेला बार खालच्या ओठात ठेवला जातो. शेजारी बसलेल्याने हात पुढे केला की त्याला त्यातली चिमूट मिळते. नवख्याला त्या चिमटीने उचकी लागते, तोंडाला पाणी सुटते, कपाळावर घाम येतो. जाणता मळणारा त्याच्यासाठी पान कमी घेई, चुना त्याहून कमी घेई.

हा चुना कमी घेण्यात रसायनशास्त्राचे मर्म आहे. निकोटिन हे द्रव्य १८२८ साली हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि रायमान या दोघांनी पानातून वेगळे काढले. त्याचा स्वभाव असा की आम्ल परिसरात ते क्षाररूपाने बांधलेले राहते आणि तोंडाच्या अस्तरातून सहज आत जात नाही. परिसर अल्कधर्मी झाला, सामू आठाच्या वर चढला, म्हणजे ते मोकळे होते आणि झपाट्याने रक्तात उतरते. चुन्याने नेमके हेच घडते. म्हणून एकाच पेवातली, एकाच तोलाची तंबाखू एकाच्या हातात सौम्य आणि दुसऱ्याच्या हातात जहाल होई. अंतर पानात नसून नखावरच्या चुन्यात असे. पानाचा वाटा अर्थातच आहे : शेतकरी झाडाचा शेंडा खुडतो आणि फुटवे काढतो तेव्हा पानांत निकोटिन वाढते, आणि वरची पाने खालच्या पानांहून कडक निघतात. पान, चुना, तोंडात ठेवण्याचा वेळ आणि खाणाऱ्याच्या देहाची सवय या चौघांच्या मिलाफाने तीव्रता सिद्ध होते. यांपैकी एकटा कोणताही घटक ती सांगू शकत नाही.

स्त्रियांच्या वाट्याला या सवयीचे वेगळे रूप आले. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून तिची मिसरी करायची आणि दात घासण्याच्या निमित्ताने ती हिरड्यांना लावायची. भाजताना घरभर होणारा खकाणा लहान मुलांच्याही डोळ्यांत जाई. सकाळी एकदा लावायची मिसरी दिवसातून चार वेळा लागू लागली तरी तिला व्यसन म्हणण्याचे धाडस कोणी करीत नसे, कारण ते दात घासणे होते. येथे तीव्रता पुडीने नव्हे तर वेळांच्या संख्येने वाढत होती, आणि मोजणारे कोणी नव्हते.

१९४३ साली सरकारने तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसविला, आणि पिकविणाऱ्यापासून वखारवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या मालाचे वजन दप्तरी नोंदले जाऊ लागले. ही नोंद वजनाची होती. कडकपणाची नोंद ठेवण्याची तजवीज कोणत्याही दप्तराने केली नाही. कच्च्या तंबाखूवरील हा कर १९७९ मध्ये उठला. दरम्यान मोकळ्या पानाची जागा छापील पुडीने घेतली होती. याच जिल्ह्यातील संगमनेरची गायछाप पुडी खेडोपाडी पोहोचली. चुनाही पुडीत मिळू लागला. पानपट्टीच्या ठेल्यावर ‘एकशेवीस-तीनशे’ मागणारा गिऱ्हाईक आकड्यानेच जर्दा ओळखतो, आणि मोठा आकडा म्हणजे मोठा दम असा समज बाळगतो. वस्तुतः ते आकडे निकोटिनचे वजन सांगत नाहीत. आकडा दिसतो, माप मात्र मिळत नाही, ही स्थिती येथून सुरू झाली.

या सवयीची किंमत मोजण्याचे काम वैद्यकाने केले, आणि ते महाराष्ट्रातच मोठ्या प्रमाणावर झाले याचा अभिमान आणि खेद दोन्ही वाटतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी करून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोंडातील पांढरे चट्टे आणि मुखाचा कर्करोग यांचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध त्या पाहणीने गावपातळीवर दाखवून दिला. पुढे याच परंपरेतील संशोधकांनी केरळ, आंध्र आणि गुजरात येथील सुमारे ३६,००० तंबाखूसेवकांना वर्षानुवर्षे समजावून सांगण्याचा उपक्रम केला. आणि ज्यांनी सवय सोडली वा कमी केली त्यांच्यात नवे चट्टे उठण्याचे प्रमाण घटले. उपदेश व्यर्थ जातो असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

सरकारने २००२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी केली, सर्वोच्च न्यायालयाने ती २००४ मध्ये रद्द ठरविली, आणि २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा आली. बंदीच्या सावलीत नगरच्या टपऱ्यांवर माव्याला बरकत आली. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोळून मळलेल्या या माव्याला ना छाप आहे ना आकडा. मळणारा हात टपरीवाल्याचा आहे, आणि गिऱ्हाईक पूर्वी तळहातावर जे पाहून घेई ते आता केवळ तोंडात पडल्यावर जाणतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूररहित तंबाखू घेतात आणि धूम्रपान करणारे ३.८ टक्केच आहेत, असे आढळले. आपला प्रश्न ओठाखालचा आहे, हे यावरून उघड व्हावे.

आता निकोटिन पाऊचकडे वळू. तिचे मूळ स्वीडनमध्ये आहे. लुंड येथील शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की पाणबुडीत धूम्रपानास मनाई असल्याने खलाशी तोंडात तंबाखू धरून तलफ भागवितात. त्यावरून संशोधक ओवे फेर्नो यांनी निकोटिनचे च्युइंगगम सिद्ध केले, आणि त्यात कार्बोनेटसारखी अल्कधर्मी द्रव्ये घातली, म्हणजे आपल्या नखावरचा चुनाच प्रयोगशाळेत नेला. पाऊचमध्येही वनस्पतीचे तंतू, निकोटिन, सुगंध आणि सामू वाढविणारे क्षार असतात. म्हणून डबीवरचा आकडा वाचताना तीन गोष्टी ताडून पाहाव्यात. आकडा दर पाऊचचा आहे की दर ग्रॅमचा? ग्रॅमला १६ मिलिग्रॅम लिहिले असेल आणि पाऊच अर्ध्या ग्रॅमची असेल तर तिच्यात ८ मिलिग्रॅम आहे. दुसरे, ठिपके आणि ‘कडक’सारखी विशेषणे प्रत्येक कंपनीची स्वतःची असतात, एकीचे तीन ठिपके दुसरीच्या तीनांशी जुळत नाहीत. तिसरे, भरलेले सगळे निकोटिन रक्तात जात नाही; सामू आणि वेळ यांवर किती जाईल ते ठरते, त्यामुळे सारख्या आकड्याच्या दोन पाऊच सारख्या लागत नाहीत. उचकी, मळमळ, घेरी आणि छातीतील धडधड ही मात्रा अधिक झाल्याची लक्षणे तळहाताच्या काळात होती तीच आजही आहेत. आणि मुलाच्या हाती लागलेली एक पाऊचही विष ठरू शकते, म्हणून डबी त्यांच्या नजरेआड ठेवणे हे कर्तव्य आहे.

तथापि तीव्रता निवडण्याचा शहाणा हेतू एकच असू शकतो : ती उतरविणे. ज्याने आयुष्यात तंबाखू घेतली नाही त्याच्यासाठी सौम्य पाऊच म्हणून काही नसते. ३ मिलिग्रॅमही त्याला तलफेची दीक्षा देण्यास पुरेसे आहे. ज्याला तंबाखू सोडायची आहे त्याच्यासाठी वैद्यकाने मात्रेचा पायंडा घालून दिला आहे. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला तलफ येते त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ४ मिलिग्रॅमच्या गमपासून आरंभ करावा. ज्याला उशिरा येते त्याला २ पुरते. गम सावकाश चावून गालात धरावे. चहाकॉफीनंतर लगेच घेऊ नये, कारण त्यांच्या आम्लतेने निकोटिन अडकून पडते. आणि सुमारे बारा आठवड्यांत दोन गमांमधले अंतर वाढवीत ते थांबवावे.

पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी कोयते घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांत पहाटेची भूक तंबाखूने मारली जाते. त्या माणसाला ‘सोड’ एवढेच सांगणे हा अन्याय आहे. त्याने किती घेतली, कशाने घेतली आणि उद्या किती कमी घ्यायची, हे त्याला सांगता यावे, यासाठी पुडीवर निकोटिनचे माप छापले गेले पाहिजे आणि तिसगावसारख्या गावच्या दवाखान्यात गम आणि सल्ला विनामूल्य मिळाला पाहिजे. चार शतके या द्रव्याने रयतेकडून कर घेतला, श्रम घेतले आणि आयुष्ये घेतली. त्याचे प्रमाण जाणण्याचा हक्क तिला परत देणे हे त्या देण्याचे निदान व्याज तरी ठरेल.