ऋण, वैर आणि सूड : स्वतंत्रपणे प्रकाशित मराठी भयकथेतील मृताच्या सूडाची ऐतिहासिक पूर्वपीठिका

सारांश :
अन्यायाने मेलेली व्यक्ती परत येऊन सूड घेते, हे कथासूत्र लेखकांनी स्वतंत्रपणे प्रकाशित केलेल्या मराठी भयकथेत वारंवार आढळते. प्रस्तुत शोधनिबंधात या सूत्राची पूर्वपीठिका गुरुचरित्र, लोकसमजुती व विसाव्या शतकातील मुद्रित भयकथा या तीन टप्प्यांत तपासली आहे. जुन्या परंपरेत मृताचे गाऱ्हाणे ऐकून घेऊन त्याची फेड करण्याची व्यवस्था होती. आजच्या सूडकथेत गाऱ्हाणे उरले आहे, परंतु फेडीची व्यवस्था लोप पावली आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : भयकथा, सूड, समंध, गुरुचरित्र, स्वतंत्र प्रकाशन

१. प्रस्तावना

मराठी वाङ्मयेतिहासात भयकथेला फारसे स्थान मिळालेले नाही. रहस्यकथेच्या जोडीने 'रंजनपर वाङ्मय' या सदरात तिचा उल्लेख उरकला जातो. वाचकसंख्येच्या दृष्टीने मात्र हा प्रवाह कधीच क्षीण नव्हता. गेल्या दशकात तर प्रकाशकाच्या मध्यस्थीशिवाय भयकथा वाचकांपर्यंत पोहोचू लागली. २०१४ मध्ये 'प्रतिलिपी' हे भारतीय भाषांतील स्वप्रकाशनाचे व्यासपीठ सुरू झाले. डिसेंबर २०१६ मध्ये 'किंडल'वर मराठी ई-पुस्तकांची सोय झाली. आपले लेखन कोणत्याही संपादकाला न दाखवता प्रसिद्ध करणे त्यामुळे नवोदित लेखकाला शक्य झाले.

या लेखनात एक साचा पुनःपुन्हा दिसतो. ओस पडलेला वाडा, बुजवलेली विहीर, त्या विहिरीत लोटली गेलेली सून किंवा मोलकरीण, आणि दोन-तीन पिढ्यांनंतर त्या घराण्यावर कोसळणारा तिचा सूड, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. हा साचा पाश्चात्त्य चित्रपटांतून आयात झाला, असे मत सहज व्यक्त केले जाते. त्यात तथ्यांश असला तरी ते अपुरे आहे. मृताच्या सूडाची कल्पना मराठी समाजाला नवी नाही. नवे काय आहे, याचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी प्रत्येक टप्प्याला तीन प्रश्न विचारले आहेत : मृताची तक्रार काय आहे, ती कोण ऐकतो आणि तिचा निकाल कसा लागतो?

२. गुरुचरित्रातील समंध : सूडाचा हिशेब

सूड घेणाऱ्या मृताचे मराठीतील एक अत्यंत परिचित आख्यान सरस्वती गंगाधर यांच्या गुरुचरित्राच्या विसाव्या अध्यायात येते. शिरोळ येथील एका ब्राह्मण स्त्रीची मुले जगत नाहीत. पूर्वजन्मी तिने एका ब्राह्मणाकडून शंभराचे कर्ज घेऊन ते बुडवले, त्याने प्राणत्याग केला आणि तो पिशाच होऊन तिची संतती मारतो आहे, असे कारण तिला सांगितले जाते. त्या ब्राह्मणाची उत्तरक्रिया करावी, औदुंबराची सेवा करावी आणि त्याच्या गोत्राच्या ब्राह्मणाला शंभर द्यावेत, असा उपाय निघतो. तिच्याजवळ तेवढे द्रव्य नाही.

पुढचा प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. स्त्रीच्या स्वप्नात तो ब्राह्मण पैसे मागत तिच्या अंगावर येतो आणि ती औदुंबरापाशी श्रीगुरूंचा आश्रय घेते. श्रीगुरू पिशाचाला थेट हाकलून देत नाहीत. त्याला कारण विचारतात. तो आपले बुडालेले कर्ज सांगतो. तेव्हा ही स्त्री तिच्या ऐपतीप्रमाणे तुझी क्रिया करील, ती स्वीकार आणि गती घे, अशी तडजोड ते घालून देतात. पिशाच ती मान्य करतो.

या आख्यानात पिशाच हा धनको आहे आणि त्याचा दावा खरा मानला गेला आहे. 'ऋण, वैर आणि हत्या' ही कधीही न सुटणारी त्रयी मराठी बोलण्यात एकत्रच येते. त्या त्रयीतील वैराचे येथे पुन्हा ऋणात रूपांतर होते आणि ऋण म्हटले की फेड शक्य होते. श्रीगुरूंची भूमिका पंचाची आहे. दावेदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही, परंतु त्याचे म्हणणे ऐकले जाते आणि त्याला काहीतरी दिले जाते.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. मुले गमावलेल्या आईलाच येथे अपराधी ठरवले आहे, आणि तेही तिला न आठवणाऱ्या जन्मातील कृत्यासाठी. अर्भकमृत्यू ही घरोघरची गोष्ट असलेल्या काळात त्याचे कारण स्त्रीच्या खात्यावर मांडले गेले, ही गोष्ट फेडीच्या करुणेमुळे झाकली जाऊ नये.

सोलापूर परिसराच्या दृष्टीने हे आख्यान केवळ ग्रंथगत नाही. श्रीगुरूंचे गाणगापूर आज कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात असले, तरी सोलापूर-वाडी लोहमार्गावरील गाणगापूर रोड स्थानकामुळे ते सोलापूरकरांच्या नित्य परिचयाचे आहे. 'बाधा' झाल्याचे मानले गेलेले लोक आरतीच्या वेळी तेथे आणले जातात. मृताशी बोलता येते व त्याला वाटेला लावता येते, ही श्रद्धा या सीमाभागात मराठी व कन्नड दोन्ही भाषिकांत रुजलेली आहे.

३. लोकसमजुतीतील भूत : अपुरे राहिलेले आयुष्य

लोकसमजुतींची पहिली मोठी पद्धतशीर नोंद वसाहतकाळात झाली. ए. एम. टी. जॅक्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून माहिती मिळवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनचा वध केला. पुढे आर. ई. एंथोव्हेन यांनी ती सामग्री संपादित केली. तिचा कोकणविषयक खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रकारच्या नोंदींतील भुतांची नावे पाहिली असता एक गोष्ट लक्षात येते. मुंज झालेला पण सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा तो मुंजा. बाळंतपणात मेलेली स्त्री ती अलवंतीण. धनावर जीव अडकलेला वा निपुत्रिक मेलेला तो समंध. हडळ, जखीण, लावसट यांच्याही व्याख्या प्रदेशपरत्वे बदलत असल्या, तरी स्त्री कोणत्या अवस्थेत मेली याच्याशीच त्या निगडित आहेत. मृताचे नाव त्याच्या मारेकऱ्यावरून पडत नाही. आयुष्याचा कोणता टप्पा अपुरा राहिला यावरून पडते. म्हणूनच उपायही विधीचाच असतो : श्राद्ध, उतारा, त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी.

भगत किंवा देवऋषी झाडाला प्रथम विचारतो, 'तू कोण? तुला काय पाहिजे?' गुरुचरित्रातील पंचाचाच हा प्रश्न आहे. एरवी ज्या सुनेचे घरात कोणी ऐकत नसे, तिच्या तोंडून आलेले शब्द 'अंगात आले' म्हणून सारे घर ऐकत असे. परंतु या ऐकण्याची किंमत तिलाच मोजावी लागे. चाबूक, मिरचीची धुरी, साखळदंड हे त्या प्रश्नाच्या पाठोपाठ येत.

अपुऱ्या आयुष्याच्या या कल्पनेशेजारी व्यक्तिगत सूडाची कल्पना पुराणकथांत पूर्वीपासून होती. महाभारतातील अंबा हे तिचे ठळक उदाहरण. भीष्मामुळे आयुष्य उद्ध्वस्त झालेली अंबा देहत्याग करते व शिखंडी होऊन त्याच्या मृत्यूस कारण ठरते. मात्र तिला सूडासाठी भूत व्हावे लागत नाही, पुनर्जन्म पुरतो. भूत आणि व्यक्तिगत सूड यांची आज सर्वस्वी स्वाभाविक वाटणारी सांगड मुद्रित कथेने घट्ट केली, असे म्हणावे लागेल.

४. मुद्रित भयकथा : धारप आणि मतकरी

विसाव्या शतकात 'नवल'सारखी मासिके, 'धनंजय'सारखे दिवाळी अंक आणि भाड्याने पुस्तके देणारी खाजगी वाचनालये यांच्या आधाराने गूढ व भयकथेचा वाचक तयार झाला. बाबुराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांच्या रहस्यकथांनी त्या वाचकाला झपाट्याने वाचण्याची सवय आधीच लावली होती.

नारायण धारप (१९२५-२००८) यांनी भयकथेला स्वतंत्र ओळख दिली. त्यांच्या अनेक कथांत संकटाचे मूळ मानवी अन्यायात नाही. ते मानवी सृष्टीबाहेरील दुष्ट शक्तीत आहे. 'लुचाई' ही स्टीफन किंग यांच्या कादंबरीवर आधारलेली कृती याच जातीची आहे. अशा शक्तीचा कोणताही दावा नसतो, त्यामुळे तिचे ऐकून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिच्याशी झुंजणाऱ्या धारपांच्या नायकाचे नाव 'समर्थ' आहे. रामदास आणि अक्कलकोटचे स्वामी या दोहोंची आठवण या नावात मराठी वाचकाला ऐकू येते. परंतु गुरुचरित्रातील श्रीगुरू पंच होते. धारपांचे समर्थ रक्षक आहेत. कुटुंब वाचते, दार बंद होते. मृताचा हक्क हा विषयच या रचनेत मागे पडतो.

रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी वेगळी वाट धरली. 'गूढकथा' हे नाव त्यांच्या लेखनाशी कायमचे जोडले गेले. त्यांच्या कथांचा भर माणसाच्या मनातील भीती, वासना व अपराधभाव यांवर असतो. घटना अलौकिक आहे की मनाचा खेळ आहे, ही संदिग्धता ते राखतात. सूड येथे येतो, पण बराचसा अपराध्याच्या मनातून. न्यायासन बाहेरून आत सरकते.

दोघांच्या लेखनात एक साम्य आहे. दोघांचा वाचक प्रामुख्याने मध्यमवर्गीय आहे आणि कथेचा दृष्टिकोन बहुधा घरात राहणाऱ्या जिवंत माणसाचा आहे. विहिरीतल्या स्त्रीच्या बाजूने कथा सांगण्याची निकड या टप्प्यावर तीव्रतेने दिसत नाही.

५. स्वतंत्र प्रकाशन : वाचकाच्या हाती गेलेला न्याय

स्वतंत्रपणे प्रकाशित भयकथेत नेमका हा दृष्टिकोन बदललेला आढळतो. कथा भागाभागांनी प्रसिद्ध होते आणि प्रत्येक भागावर वाचकांचे अभिप्राय लगेच येतात. सुरुवातीच्या भागांत भीतीचे कारण असलेली स्त्री मधल्या भागांत आपली हकिकत सांगू लागते. हुंडा, संशय, जातीबाहेरचे प्रेम, कुळाच्या जमिनीवर मालकाने मारलेला डल्ला, अशी त्या हकिकतीची कारणे असतात. ती वर्तमानपत्रांतून वाचकाला ठाऊक असतात. त्यामुळे मारणाऱ्या भुताकडे वाचकाची सहानुभूती वळते. मृताची तक्रार या लेखनात प्रथमच ऐहिक आणि नेमकी झाली आहे. पूर्वजन्मातील कर्जाच्या जागी याच जन्मातील गुन्हा आला आहे आणि अपराधाचा भार आईवरून मारेकऱ्यावर गेला आहे. हे या लेखनाचे श्रेय होय.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे मात्र निराशाजनक आहेत. मृताचे ऐकणारा पंच कथेत उरलेला नाही. मांत्रिक असलाच तर तो भोंदू तरी असतो किंवा बांधून टाकणारा तरी. पोलीस व न्यायालय यांचा उल्लेख झाला तरी त्यांच्याकडून अपेक्षा नसते. न्यायाधीशाच्या जागी वाचक बसतो आणि त्याला एकच निकाल उपलब्ध असतो, तो म्हणजे संहार. मूळ अपराधी बहुधा केव्हाच मेलेला असल्यामुळे तो निकाल त्याच्या नातवंडांवर बजावला जातो. शेवटी ती स्त्री जाळली जाते किंवा पुढील भागासाठी राखून ठेवली जाते. तिला गती मिळत नाही.

याबाबत जपानी परंपरेशी तुलना उद्बोधक ठरते. १८२५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'योत्सुया काईदान' या नाटकातील ओइवा ही पतीने फसवलेली स्त्री जगातील सर्वाधिक प्रसिद्ध सूडपिशाचांपैकी एक आहे. तिच्या नावाचे देवस्थान टोकियोत आहे आणि नाटक करण्यापूर्वी नटमंडळी तेथे दर्शनाला जाण्याचा प्रघात आहे. सूडाची कथा तेथे पूर्ण क्रौर्याने सांगितली जाते, तरीही तिचे देणे मान्य करण्याची जागा कथेबाहेर शिल्लक आहे.

६. सूडकथा आणि सामाजिक वास्तव

भयकथेतील भूत काल्पनिक असले, तरी भूत ठरवली जाणारी स्त्री काल्पनिक नसते. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी प्रथम अध्यादेशाने व पुढे अधिनियमाने जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. भूत उतरवण्याच्या निमित्ताने मारहाण करणे, साखळीने बांधणे, धुरी देणे ही कृत्ये त्यामुळे दंडनीय ठरली.

या पार्श्वभूमीवर सूडकथेचे मूल्यमापन दुहेरी असावे. ती अंधश्रद्धा पसरवते, एवढाच आक्षेप घेणे ढोबळ ठरेल. कारण तीच कथा हडळीला नाव, गाव आणि मारेकरी देते व तिला अपशकुनाच्या कोटीतून बळीच्या कोटीत आणते. परंतु तीच कथा शेवटच्या भागात त्या बळीला जाळण्यावाचून दुसरा मार्ग दाखवत नाही, तेव्हा भगताच्या धुरीचेच समर्थन नकळत होते.

७. निष्कर्ष

१) मराठी परंपरेतील मृताचा सूड मूलतः ऋणाच्या परिभाषेत मांडला गेला होता. त्यामुळे त्याची फेड व समाप्ती शक्य होती.

२) विसाव्या शतकातील मुद्रित भयकथेत धारप यांच्याकडे मृताचा दावा मागे पडला, तर मतकरी यांच्याकडे तो अपराध्याच्या मनात सामावला.

३) स्वतंत्रपणे प्रकाशित भयकथेने तो दावा मृताच्या, विशेषतः स्त्रीच्या, तोंडून पुन्हा मांडला, परंतु तो ऐकून निकाल देणारी संस्था तिला कल्पिता आलेली नाही. जिवंतांच्या जगात न्यायाबद्दल जो अविश्वास आहे, त्याचेच हे प्रतिबिंब होय.

४) हे लेखन लेखकाच्या इच्छेने केव्हाही काढून टाकले जाऊ शकते. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी व मराठी विभागांनी त्याची निवडक जतनसूची करणे निकडीचे आहे. शाळामास्तरांनी लिहून पाठवलेल्या भुतांच्या हकिकती शतकानंतर इतिहासाचे साधन ठरल्या, ही बाब या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे.