यवतचा कालवा आणि भुलेश्वरचा डोंगर

गेल्या महिन्यात ऑनसाइटला गेलेल्या एका मित्राने वेल्समधले फोटो पाठवले. ब्रेकन नावाच्या गावाजवळून एक जुना कालवा जातो. १८१२ साली तो पूर्ण झाला, कोळसा आणि चुनखडी वाहण्यासाठी. काठावरच्या वाटेने घोडे चालायचे आणि मागे दोरीने होडी ओढायचे. आता तिथे लोक रविवारी फिरायला येतात. आधी कालव्याच्या कडेने चालायचं, मग डोंगर चढायचा आणि दुसऱ्या वाटेने उतरून परत कालव्यावर यायचं. खाली मित्राची पिंक होतीच, "असलं काही आपल्याकडे नाही बघ!"

आता पुणेकराला असं कुणी डिवचलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. :)

मी नकाशा उघडला आणि यवत सापडलं. दौंड तालुक्यातलं गाव, पुण्याहून रेल्वेने तासाभराच्या आसपास. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो आणि वारकऱ्यांना पिठलं-भाकरी मिळते, तेच यवत. गावाच्या दक्षिणेला भुलेश्वरची डोंगररांग, आणि गाव आणि डोंगर यांच्यामध्ये एक सोडून दोन कालवे. अठराएक किलोमीटरची गोल वाट सहज होते. गेल्या रविवारी सकाळच्या गाडीने गेलो आणि चालून आलो. ही वाट म्हणजे खालून वर वाचायचा इतिहास आहे. जसजसं चढत जावं तसतसं पाण्याचं राजकारण उलगडत जातं.

पहिली पायरी: जुना कालवा

सुरुवात जुन्या मुठा उजव्या कालव्याच्या भरावावरून. इथली मंडळी त्याला 'बेबी कॅनॉल' म्हणतात. नाव गोड आहे, पण हे बाळ दीडशे वर्षांचं आहे.

१८६० च्या दशकात पुण्याच्या पूर्वेला एकामागून एक वर्षं कोरडी गेली. तेव्हा कर्नल फाइफ नावाच्या इंजिनियरने मुठा नदीवर धरण सुचवलं. तेच आपलं खडकवासला, १८७९ साली पूर्ण झालेलं. धरणामागच्या तलावाला इंग्रज 'लेक फाइफ' म्हणत. तिथून निघालेला उजवा कालवा पुण्यातून, हडपसरवरून, थेट पाटसच्या अलीकडे-पलीकडे पोचला. लांबी सुमारे ११२ किलोमीटर. पुणे ते पाटस रस्त्याने साठेक किलोमीटर, मग कालवा एवढा लांब कसा?

याचं उत्तर चालताना पायांना कळतं. कालव्यात पंप नाही. पाणी फक्त उतारावर जातं, आणि उतार जितका कमी ठेवाल तितकी जास्त जमीन कालव्याच्या खाली येते. म्हणून कालवा डोंगराच्या पायथ्याशी जवळजवळ एकाच उंचीवर राहतो. ओढा आला की आत वळतो, सोंड आली की बाहेर येतो. वेल्सचा कालवाही असाच समपातळीवर वळत जातो, पण तिथे कारण होड्यांचं होतं, इथे शेताचं. आपल्याकडे कालवा म्हणजे जमिनीवर मारलेली एक रेघ. रेघेच्या खालच्या शेताला पाणी, वरच्याला नाही. कर्तृत्व, जात, भाव, काही विचारलं जात नाही. मात्र ही रेघ कुठून न्यायची ते माणसंच ठरवतात.

रेघ कुणी खणली

धरणाचं काम चालू असतानाच १८७६ चा पावसाळा दख्खनमध्ये कोरडा गेला. १८७६ ते १८७८ चा तो मोठा दुष्काळ. सरकारने दुष्काळी कामं काढली. रस्ते, तलाव, रेल्वेचे भराव. यवतजवळचा माटोबा तलाव याच काळातला, कालव्याच्या पाण्याने भरणारा. १८७८ साली सुरू झालेल्या दौंड-मनमाड रेल्वेच्या भरावावरही दुष्काळी मजूर राबले. ज्यांच्या घरात दाणा उरला नव्हता अशी माणसं, बाया आणि पोरं डोक्यावर पाट्या घेऊन माती टाकत होती.

आणि मजुरी किती? जानेवारी १८७७ मध्ये भारत सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीला पाठवलं. खर्च आटोक्यात ठेवायचा हा त्यांचा आदेश. त्यांचं म्हणणं असं की माणसाला दिवसाला एक पौंड धान्य पुरावं, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडून! त्या धान्याच्या किमतीवर वर थोडे पैसे. शिवाय गावाजवळची छोटी कामं बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर धाडायचं ठरलं.

इथे एक गोष्ट घडली जी शाळेच्या पुस्तकात मला तरी कधी भेटली नाही. या उपाशी लोकांनी संप केला. हजारो मजूर कामं सोडून घरी निघून गेले. उपाशी माणसाने संप करायचा म्हणजे काय, याचा जरा विचार करा. पुणे सार्वजनिक सभा, म्हणजे गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) आणि मंडळींनी गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्जांवर अर्ज पाठवले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं.

फुल्यांचा या कालव्याशी आणखीही संबंध आहे. ते सरकारी बांधकामांची कंत्राटं घेत, आणि खडकवासल्याच्या कामालाही त्यांनी माल पुरवल्याचं त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी पाटबंधारे खात्याला चांगलंच धरलं. शेतकरी पाणीपट्टी भरतो, पण वेळेवर आणि हिशोबाने पाणी मिळेल याची खात्री नाही, अशी ती तक्रार. धरण आतून बघितलेला माणूस बोलत होता. आणि तक्रार आज दौंडच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळेल.

दुसरी पायरी: नवा कालवा

हायवे ओलांडून डोंगराकडे निघालं की जमीन हळूहळू वर जाते. ऊस, कांदा, अधूनमधून गुऱ्हाळाचा धूर आणि काकवीचा वास. मग नवा मुठा उजवा कालवा लागतो. जुन्यापेक्षा रुंद, आणि उंचावरून जाणारा.

सुरुवातीला सरकारला वाटलं होतं की पाणी आलं की शेतकरी धावत येतील. तसं झालं नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी कालव्याचं पाणी पैसे देऊन कोण घेणार? आणि वाईट वर्षी सगळे एकदम मागायला उभे. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर अकरा महिने रिकामा आणि एका महिन्यात क्रॅश. यावर तोडगा शोधणाऱ्यांत एक तरुण इंजिनियर होता, विश्वेश्वरय्या. १९०३ साली त्यांनी खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, म्हणजे धरणाची उंची न वाढवता जास्त पाणी साठवता येऊ लागलं. कालव्याच्या पाण्यासाठी त्यांनी 'ब्लॉक' पद्धत आणली, गावात ठरावीक गट पाडून त्यांना हमीने पाणी द्यायचं. ऊस या भागात रुजला त्यामागे ही हमी आहे.

मग आला १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. पुण्याच्या घरोघरी ही गोष्ट सांगितली जाते, पण ती पेठांपाशीच थांबते. पूर्वेकडे काय झालं? धरण पुन्हा बांधलं आणि पुढच्या काळात नवा कालवा आला, २०२ किलोमीटर, थेट इंदापुरापर्यंत. रेघ वर सरकली. जी शेतं नव्वद वर्षं रेघेच्या वर, म्हणून कोरडी होती, ती आता खाली आली. एका पिढीत घरं बदलली. चालताना दोन कालव्यांमधल्या पट्ट्यातले बंगले बघा, हिशोब कळेल.

तिसरी पायरी: रेघेच्या वर

नवा कालवा ओलांडला आणि दोनशे पावलांत सगळं बदललं. हिरवं संपलं. कुसळी गवत, बाभळी, मेंढरांच्या वाटा. कातळ तापायला लागला होता. इथून वर पाणी आपलं आपण चढत नाही, उचलायला वीज लागते.

धापा टाकत माथ्यावर पोचलो. भुलेश्वरचं मंदिर यादवकाळातलं, काळ्या दगडाचं. पार्वतीने नाचून शंकराला भुलवलं म्हणून भुलेश्वर. आत अंधारात नजर स्थिरावली की शिल्पं दिसू लागतात, बरीचशी फोडलेली. स्त्रीवेषातला गणपती जरूर शोधा, असं शिल्प सहसा बघायला मिळत नाही. मंदिराभोवती बुरूज आणि तटाचे अवशेष आहेत, तो दौलतमंगळ किल्ला.

किल्ल्याची गोष्ट पुण्याशी जोडलेली आहे. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळलं आणि गाढवाचा नांगर फिरवला. मग कारभारासाठी जागा निवडली ती हा डोंगर. म्हणजे काही काळ पुण्याची सत्ता इथे वर होती! आणि १६३० ते १६३२ हाही दख्खनमधल्या भीषण दुष्काळाचा काळ. सत्ता डोंगरावर बसली तरी पाणी काही वर आलं नाही. थोड्याच वर्षांत पुणे पुन्हा वसलं, नदीकाठी, आणि दौलतमंगळ ओस पडला.

तटावर बसून डबा खाल्ला. उत्तरेला दोन कालवे, रेल्वे, हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे भीमा, तिच्या पल्याड शिरूर तालुका. दक्षिणेला कऱ्हेचं खोरं, पुरंदर, तपकिरी. हीच रांग दोन्ही खोऱ्यांमधला पाणलोट. आग्नेयेला कुठेतरी सुपे. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जाची कागदपत्रं पेटवली. तेच दख्खनचे दंगे, भीमथडीतून शिरूरपर्यंत पसरलेले. कालव्याचं पाणी सुप्याला पोचत नव्हतं. एका वर्षाने दुष्काळ आला.

परत खाली

उतरलो ते दुसऱ्या सोंडेने, आणि संध्याकाळी पुन्हा बेबी कॅनॉलच्या भरावावर. पाणी काळपट होतं, वर थोडा फेस, आणि वास म्हणाल तर... असो. एक काका म्हशी घेऊन चालले होते.

"कुठनं आलाय, पाव्हणं?"

"पुण्याहून, काका. कालवा बघायला."

"बघा की. तुमच्याकडनंच आलंय हे."

मी हसलो, ते हसले नाहीत. घरी येऊन वाचलं. २०१० च्या दशकात मुंढव्याला जॅकवेल बांधलं. पुण्याचं सांडपाणी शुद्ध करून तिथून या जुन्या कालव्यात सोडायचं, असा बेत. पुण्याला धरणाचं जास्त पाणी लागतं, त्या बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी शेतीला परत द्यायचं, असा महापालिका आणि पाटबंधारे खात्यातला करार. पाणी पुरेसं शुद्ध होत नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार जुनीच आहे.

जरा आकडे बघू. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साठा सुमारे २९ टीएमसी. यातलं पाणी आधी आपण पितो, मग कालवा पुढे जातो. उन्हाळ्यात पेपरात "शेतीचं आवर्तन लांबणार" अशी एक ओळ येते, आणि आपण पुढच्या बातमीवर जातो. मीही जायचो. सोसायटीत एक दिवस टँकर उशिरा आला की व्हॉट्सअॅप ग्रुपवर शंभर मेसेज पडतात, त्यातले पाच माझे असतात.

फाइफचं धरण पुण्याच्या लष्करालाही पाणी देणारच होतं, पण ही शंभर-सव्वाशे किलोमीटरची रेघ काढली ती कोरड्या पूर्वेसाठी. तिच्या आसपासची माती एक पौंड धान्यावर राबणाऱ्या माणसांनी उचलली. आज त्याच रेघेतून आपण त्यांच्या पणतवंडांना आपलं वापरलेलं पाणी पाठवतो. शहर मोठं झालं, प्यायला पाणी लागतंच, हे सगळं मान्य. पण मग निदान ते नीट शुद्ध करून पाठवावं, एवढं तरी आपण मागू शकतो ना? आपल्या नगरसेवकाला रस्त्यातले खड्डे सोडून हाही एक प्रश्न विचारता येईल.

मित्राला फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, "मस्त रे! पण पाणी असं का?" त्याला उत्तर म्हणून हा लेख.

जाणार असाल तर पावसाळा संपल्यावर जा. माथ्यापर्यंतचं प्यायचं पाणी घरूनच भरून न्या, वाटेत मिळणार नाही. आणि ते भरताना नळाकडे एकदा बघा.