वाण, गुण आणि लायकर्गसची दोन पिल्लं

गेल्या पावसाळ्यात नात सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीमागून दोन पिल्लं उचलून घेऊन आली. एकाच वेतातली, जेमतेम दीड-दोन महिन्यांची. एक पांढरट, एक तांबूस. त्यांची आई गाडीखाली गेली होती, त्यामुळे "जा, परत ठेवून ये" असं म्हणायची सोयच नव्हती. मी नावं ठेवली ढवळ्या आणि पवळ्या. सूनबाई म्हणाली, "बाबा, ही बैलांची नावं आहेत!" असू देत म्हटलं.

पंधरा दिवसांत दोघांचे स्वभाव दिसायला लागले. ढवळ्या धीट. वाटीत आधी तोंड त्याचं, जिन्यावर आधी पाय त्याचा. पवळ्या सदैव त्याच्या मागे. ढवळ्या भुंकला की हा भुंकणार, तो झोपला की हा झोपणार. एकट्या पवळ्याला फाटकाबाहेर नेलं की रस्त्यातच बसकण मारून रडायचा. लस टोचायला गेलो तेव्हा जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आजोबा, या दोघांना रोज थोडा वेळ वेगळं ठेवा. जेवण वेगळं, फिरणं वेगळं, झोपणंसुद्धा वेगळं. नाहीतर ही एकमेकांचीच होऊन बसतील, तुमची होणार नाहीत."

घरात यावरून बरीच कुरबूर झाली. आईविना पिल्लं, त्यात आणखी ताटातूट कशाला? मी मात्र गप्प होतो. मला माझा इतिहासाचा तास आठवत होता.

नोकरीच्या काळात ग्रीसचा धडा आला की मी वर्गात एक गोष्ट हमखास सांगायचो. स्पार्टाचा कायदेकर्ता लायकर्गस. त्याने एकाच आईबापाची दोन पिल्लं घेतली आणि वेगवेगळ्या रीतीने वाढवली. एकाला घरात ठेवून चांगलंचुंगलं खायला घातलं, दुसऱ्याला रानात नेऊन शिकार शिकवली. मग एक दिवस लोकांना जमवून दोघांना समोर आणलं. एका बाजूला खाण्याचं भांडं ठेवलं, दुसऱ्या बाजूला एक ससा सोडला. एक पिल्लू धावलं भांड्याकडे, दुसरं धावलं सशामागे. लायकर्गसने लोकांना सांगितलं की बघा, रक्त एकच आहे, फरक केला तो वळणाने. आपण हेराक्लिसचे वंशज म्हणून मिरवतो, पण त्याच्यासारखी मेहनत केली नाही तर त्या कुळाचा उपयोग शून्य.

मास्तरांना आवडणारी गोष्ट आहे ही! आमच्या धंद्याची जाहिरातच म्हणा ना. ती आपल्यापर्यंत पोचली प्लुटार्कच्या नावावरच्या लेखनातून, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास. लायकर्गस त्याच्याही कित्येक शतकं आधीचा. तो खरोखर होऊन गेला की नाही यावरच इतिहासकारांत वाद आहेत. खुद्द प्लुटार्कने त्याच्या चरित्राच्या सुरुवातीलाच कबूल केलंय की या माणसाबद्दल वादातीत असं काहीच सांगता येत नाही. पण गोष्ट टिकली. सतराव्या शतकात सेझार फान एव्हरडिंगेन या डच चित्रकाराने तिच्यावर मोठं चित्र काढलं, तेही आल्कमार शहराच्या नगरभवनासाठी. शहराचा कारभार पाहणाऱ्यांनी शिक्षणाचं महत्त्व विसरू नये, ही त्यामागची कल्पना.

याच गोष्टीचा दुसरा पाठही प्लुटार्कच्या नावावरच्या संग्रहात आहे. तो मी वर्गात कधी सांगितला नाही. त्यात पिल्लं एका वेतातली नाहीतच. एक शिकारी जातीचं, एक साध्या घरगुती कुत्र्याचं. लायकर्गसने साध्या पिल्लाला शिकार शिकवली आणि शिकारी जातीच्या पिल्लाला खाण्याची चटक लावली. निकाल तोच, पण दावा आणखी मोठा. वळण लावलं तर जातही हरते!

आता यातली गंमत बघा. ज्या स्पार्टाच्या नावाने ही गोष्ट सांगितली जाते, तिथे शिक्षण कोणाला मिळायचं? सातव्या वर्षी मुलगा घरातून उचलून सरकारी शिक्षणात घालायचे, तो नागरिकाचा मुलगा असेल तर. त्यांची शेती कसणारे हेलॉट म्हणजे जवळजवळ गुलामच. त्यांच्या मुलांना त्या शिक्षणाचं दार बंद होतं. उलट हेलॉटांना मुद्दाम दारू पाजून तरुण पोरांपुढे आणायचे, दारूडा कसा दिसतो ते दाखवायला. हेही प्लुटार्कनेच लिहून ठेवलंय. म्हणजे जन्माला महत्त्व नाही हे पिल्लांपुरतं खरं. माणसांच्या बाबतीत कोण कुठल्या घरात जन्मला यावरच सगळं ठरत होतं. आपल्याला हे काही परकं वाटू नये.

नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आजोबा, असा प्रयोग हल्ली कोणी करून बघितला का?" आणि त्यानेच शोधून काढलं. केला होता!

अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर इथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे कुत्र्यांच्या स्वभावावर बरीच वर्षं काम चाललं होतं. १९५८ साली डॅनिएल फ्रीडमन यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी चार जातींची पिल्लं घेतली : बीगल, फॉक्स टेरियर, शेटलंड शीपडॉग आणि आफ्रिकेतली बसेनजी. एकेका वेतातली पिल्लं दोन गटांत वाटली. तिसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत एका गटाचे लाड, खेळ, मोकळीक. दुसऱ्याला शिस्त, बस म्हटलं की बसायचं. मग परीक्षा. आणि तिच्यातही खाण्याचं भांडंच बरं का! पिल्लाने भांड्याला तोंड लावलं की एक चापट आणि जोरात "नाही". मग माणूस खोलीबाहेर जाणार आणि पिल्लू किती वेळ धीर धरतं ते बघणार.

निकाल असा लागला की लायकर्गसनेही डोकं खाजवलं असतं. बसेनजी पिल्लं माणसाची पाठ वळताच खायला लागली, लाडातली काय आणि शिस्तीतली काय. शेटलंड पिल्लांनी भांड्याला तोंडच लावलं नाही, तिथेही वाढवण्याचा फरक दिसला नाही. फरक दिसला बीगल आणि टेरियरमध्ये. पण मला वाटलं होतं त्याच्या उलट. जास्त वेळ धीर धरला तो लाडात वाढलेल्या पिल्लांनी, शिस्तीतल्यांनी नव्हे! मी याचा अर्थ असा लावला की ज्याच्याशी खेळलो त्याचं रागावणं लागतं. जो रोजच रागावतो त्याचं काय लागणार? छडी हातात घेऊन तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सत्तरीत वाचायला मिळालं. असो.

फ्रीडमन यांनी किंग आणि इलियट यांच्याबरोबर केलेला आणखी एक प्रयोग १९६१ साली आला. उंच कुंपणाच्या शेतात पिल्लं आई-भावंडांबरोबर वाढली, माणसाचा संबंध येऊ न देता. काहींना मधल्या एखाद्या आठवड्यात बाहेर आणून माणसांत ठेवलं. ज्यांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही, ती रानटी जनावरासारखी झाली. त्यांना माणसाळवणं फार जड गेलं. त्यांना आई होती, भावंडं होती, कशाची उणीव नव्हती. म्हणूनच माणसाची गरज उरली नव्हती.

इथे मला आमच्या डॉक्टरांचं बोलणं उमगलं. दोन भावंडं एकत्र वाढवली की ती एकमेकांतच गुंततात आणि त्यातलं एक कायमचं मागे राहतं, असं कुत्र्यांना शिकवणारे सांगतात. हा काही सिद्ध झालेला रोग नव्हे, पक्का पुरावाही फारसा नाही. हे त्यांच्या अनुभवाचे बोल. पण लायकर्गसच्या गोष्टीत काय राहून गेलं ते मला त्यातून कळलं. त्याची पिल्लं वेगवेगळी वाढली. तिथे प्रश्न दोनच, वाण आणि वळण. एकत्र वाढणाऱ्यांच्या बाबतीत तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे शेजारी कोण बांधलंय. आपल्या म्हणींत हे तिन्ही आहे. "खाण तशी माती" आहे, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच" आहे, आणि "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला" हेही आहे.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. माझ्या आठवीच्या वर्गात एकदा जुळे भाऊ होते, एका बाकावर बसणारे. थोरला हुशार, तोंडी उत्तरं देणारा. धाकटा त्याच्या वहीत बघून लिहिणारा. लायकर्गसची गोष्ट सांगून झाल्यावर मी त्या बाकाकडे बघून म्हणालो, "एकाच आईची ना रे तुम्ही?" वर्ग हसला. मीही हसलो.

काही वर्षांपूर्वी एका लग्नात धाकटा भेटला. वाकून नमस्कार केला. वायरमनचं काम करतो, हाताखाली चार माणसं आहेत. म्हणाला, "सर, तुमची ती कुत्र्याची गोष्ट अजून आठवते. पुढं वर्षभर पोरं मला भांडं म्हणायची." तो हसत होता. मला काही हसू आलं नाही.

त्या दोघांना मी एकाच वळणात वाढलेले समजत होतो. पण थोरल्याच्या शेजारी धाकटा होता आणि धाकट्याच्या शेजारी थोरला. दोघांची शाळा एक नव्हतीच. त्याला वेगळ्या बाकावर बसवून त्याचं उत्तर त्याच्याकडून ऐकावं, एवढं साधं मला सुचलं नाही.

डॉक्टरांचं ऐकायचं ठरलं. सकाळी ढवळ्याला मुलगा नेतो, संध्याकाळी पवळ्याला मी. पहिले आठ दिवस फाटकाशीच बसायचा. मीही शेजारच्या कट्ट्यावर बसून राहायचो. हल्ली कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत येतो. तिथे उभा राहून आधी मागे बघतो, मग माझ्याकडे. परवा पहिल्यांदा एकटा भुंकला, गिरणीतल्या मांजरावर. मांजर हललंसुद्धा नाही! पण घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं.